भूक परत येते तेव्हा

तापातून उठलेल्या माणसाला घरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: भूक लागली का? ताप उतरला ही अर्धीच बातमी असते. "आज त्याने आपणहून जेवायला मागितलं" हे कानावर आलं की आई निर्धास्त होते. मग गुरगुट्या भात, वर तुपाची धार, बाजूला मेतकूट नाहीतर लिंबाच्या जुन्या लोणच्याची फोड. त्याने दुसऱ्यांदा भात मागितला की सगळ्यांना बरं वाटतं. कोणी त्याचे घास मोजत नाही. काय वाढायचं, किती वाढायचं, तळलेलं कधीपर्यंत टाळायचं, हे मात्र घर नीट सांभाळतं.

सिगारेट किंवा बिडी सोडलेल्या माणसाची भूकही अशीच, बऱ्याच वर्षांनी, परत येते. तीसुद्धा बरं होण्याचीच खूण असते. पण तिचं स्वागत होत नाही. "पोट सुटलं की रे तुझं", "सोडलीस आणि सुजलास", "यापेक्षा आधी बरा होतास". पेणपासून रोह्यापर्यंत घरात, गाडीत आणि कारखान्याच्या गेटवर ही वाक्यं सतत ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण नुकतीच सिगारेट सोडलेला माणूस आतून हळवा झालेला असतो. असं एखादं वाक्य त्याला पुन्हा टपरीवर नेऊन उभं करायला पुरतं. म्हणून वजनाचा हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

मी पेणला राहतो आणि रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत नोकरी करतो. धाटावला मुख्यतः रासायनिक कारखाने. सॉल्व्हंटची वाफ हवेत असू शकते अशा जागी एक ठिणगी सगळ्यांच्या जिवावर उठते, म्हणून काडेपेटी आणि लायटर गेटच्या आत जात नाही. पाळीचे आठ तास धुराविना काढावे लागतात आणि पाळी सुटली की माणसं गेटबाहेरच्या टपरीकडे सरळ रेषेत निघतात. तिथे काचेच्या बरण्यांत खारी आणि क्रीमरोल, स्टोव्हवर चहाचा काळपट टोप, आणि बांबूला दोरीने बांधलेला एक लायटर. त्या दोरीखाली मान वाकवून सिगारेट पेटवणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली. त्यांच्यात मीही होतो. सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पण टपरीवर आजही एकेक मिळते.

रात्रपाळी करून सकाळी बाहेर पडलेल्या माणसाच्या पोटात खरं तर कडकडीत भूक असते. तिच्यावर गोड चहा आणि धूर पडला की ती मरते. माणूस घरी जाऊन न जेवता झोपतो, दुपारी उठून भाताचा डोंगर उपसतो आणि तरीही आपण सडपातळ आहोत म्हणून खूश असतो. अशाच एका सकाळी आमच्याकडच्या एका तरुण ऑपरेटरने मला विचारलं, "काका, सोडली की ढेरी सुटते, खरं का?" खोकल्याबद्दल त्याने काही विचारलं नाही, छातीबद्दलही नाही. त्याचं लग्न ठरत होतं. शरीर नीट दिसावं ही त्याची इच्छा अगदी रास्त होती.

अशा वेळी खरं सांगावं. वजन वाढतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष आला होता: कोणतेही औषधोपचार न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार ते पाच किलोंनी वाढतं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. मात्र ही सरासरी आहे. साधारण सहा जणांतल्या एकाचं वजन उलट कमी झालं होतं, आणि आठांतला एखादा दहा किलोंच्याही पुढे गेला होता. प्रत्येकाचं शरीर आपापल्या वाटेने जातं.

यामागची कारणं समजली की भीती बरीच ओसरते. निकोटिन शरीराला सतत थोडं चढं ठेवतं. हृदय जलद धडधडतं, बसल्या जागी जास्त ऊर्जा जळते. १९८६ सालच्या एका प्रयोगात दिवसाला चोवीस सिगारेटी ओढणाऱ्यांचा दिवसभराचा खर्च दोनशेच्या वर कॅलरींनी वाढलेला दिसला. आपल्या हिशेबात सांगायचं तर तांदळाची मध्यम आकाराची एक भाकरी. शिवाय निकोटिन मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या पेशींना चेतवतं; येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली ही वाट उंदरांत उलगडून दाखवली. म्हणजे धूर गेला की रोजची एक भाकरी शिलकीत पडते आणि त्याच वेळी दुसरी मागावीशी वाटते. यात इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही. शरीर आपल्या मूळ चालीवर येत असतं, आणि त्या चालीची सवय व्हायला त्याला काही महिने लागतात.

ही भीती वाढवण्यात धंद्याचाही हात आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात स्त्रियांना सांगत असे की गोडाकडे जाणारा हात सिगारेटकडे वळवा. मिठाईवाले त्यावर चिडून उठले, पण विक्री वाढली. १९६८ साली व्हर्जिनिया स्लिम्स नावाची बारीक सिगारेट खास बायकांसाठी आली आणि सडपातळपणा थेट पाकिटाच्या नावातच जाऊन बसला. सिगारेट म्हणजे सुडौल बांधा, हे समीकरण अशा रीतीने विकलं गेलं आणि पुढे चित्रपट, मासिकं, मोठ्या शहरांतल्या फॅशन अशा वाटांनी आपल्याकडच्या तरुणांपर्यंतही पोहोचलं.

ते समीकरण मुळात खोटं आहे. सिगारेट ओढणाऱ्याचं एकूण वजन कमी असलं तरी त्याच्या चरबीचा ओढा पोटाकडे जास्त असतो, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. आणि पोटाचा प्रश्न आपल्या लोकांसाठी आधीच अवघड. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. सिगारेट सोडणाऱ्याने रोज काट्यावर उभं राहून मन खट्टू करण्यापेक्षा महिन्यातून एकदा शिंप्याची टेप कंबरेला लावावी. ती जास्त खरं बोलते.

वजन वाढण्याला सिगारेट जाण्यापलीकडे आणखी एक कारण असतं. ते मला पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कळलं. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघरी मूर्ती घडतात. मूर्तीचे डोळे काढायच्या कामाला आखणी म्हणतात आणि ते प्रत्येकाला देत नाहीत. माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ कारागीर आखणी करतात. मूर्तीसमोर ते पाटावर बसतात, डाव्या तळव्याचा आधार उजव्या मनगटाला देतात, ब्रशचं टोक बोटांवर एकदा फिरवून पाहतात आणि श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतात. रेघ पुरी झाली की श्वास सुटतो. मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका, आणि मूर्ती आपल्याकडे पाहायला लागते. काही मूर्ती झाल्या की पूर्वी ते बिडी घेऊन अंगणात जात.

डॉक्टरांनी दम दिल्यावर त्यांनी बिडी सोडली. हात थरथरेल अशी घरच्यांना धास्ती होती. तसं काही झालं नाही. पण बिडी गेली तसं त्यांचं उठणंही गेलं. पाटावर बसल्या बसल्या फरसाण आणि चहा येऊ लागला, आणि गणपतीआधीच्या दिवसांत, जेव्हा कारखाने रात्र रात्र चालतात, तेव्हा तर पाटाशेजारी भज्यांचा कागद कायमचा दिसू लागला. ते त्यांच्या पत्नीच्या लक्षात आलं. काकूंनी काही बोलून दाखवलं नाही. फरसाणाच्या जागी त्यांनी एका डब्यात तेलाशिवाय खमंग भाजलेले पातळ पोहे आणि थोडे शेंगदाणे ठेवले, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि काकांना सांगितलं, "पूर्वीसारखे उठा. अंगणात जा, पायरीवर बसा, पारिजातकाला पाणी घाला, काहीही करा. बिडी तेवढी नको." काका पुन्हा उठू लागले. पोटही थांबलं.

बिडी आणि सिगारेट माणसाला विश्रांतीची सबब देतात. हातात सिगारेट असलेला कामगार कडेला उभा राहिला तर त्याला कोणी हटकत नाही. तोच माणूस रिकाम्या हाताने आभाळाकडे बघत उभा राहिला तर सुपरवायझर विचारतो, "काय रे, काम नाही?" मग सिगारेट सोडलेल्याला थांबायचं असेल तर एकच रीतसर कारण उरतं, काहीतरी खाणं. तलफ येते ती बऱ्याचदा धुराइतकीच थांबण्याची असते. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ त्याला निवांत मिळाला, चार पावलं चालता आलं, थंड पाणी पिता आलं, तर वडापाव मागवायची वेळ येत नाही.

चहाचंही असंच आहे. आमच्याकडे चहा आणि सिगारेट यांची जोडी फुटत नाही. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन एरवीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. सिगारेट सुटली की यकृताचा हा वेग काही दिवसांत उतरतो आणि चहाचे तेवढेच कप अंगात जास्त वेळ रेंगाळतात. छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ, आणि ती दाबायला तो आणखी चहा आणि बिस्किटं घेतो. सोडल्यावर पहिल्या महिन्यात चहा निम्म्यावर आणला तर तीन गोष्टी साधतात: झोप लागते, टपरीवरची सढळ साखर पोटात जात नाही, आणि कप हातात आला की बोटं सिगारेट शोधतात ते थांबतं. मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला.

पुढे नाक आणि जीभ जागी होतात. हा काळ सुंदर असतो आणि थोडा धोक्याचाही. पेणच्या बाजारातून जाताना पोह्याच्या पापडांना हिंग आणि पापडखार लागलेला असतो तो वेगळा ओळखू येतो. पेणहून निघालेली गाडी कासू, नागोठणे, निडी घेत रोह्याकडे जाते तेव्हा जुलैतल्या चिखलणीचा वास डब्यात शिरतो. वर्षानुवर्षं याच डब्यातून गेलो तरी तो मला माहीत नव्हता. आमटीत मीठ जास्त आहे हे पहिल्यांदा मला कळतं आणि घरातले चकित होतात. अन्न चविष्ट लागतं म्हणून दोन घास जास्त जातात. त्याबद्दल स्वतःला शिक्षा करू नये. पानात काय आहे एवढं पाहावं. आपल्या भागातलं साधं जेवण या कामाला चांगलं आहे. कडव्या वालाचं बिरडं पोटात बराच वेळ टिकतं. ताज्या माशाचं कालवण असलं की एका भाकरीवर समाधान होतं. शिराळं, पडवळ, काकडी पावसाळ्यात भरपूर. थंडीतल्या पोपटीत तर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडकं पालथं घालून भाजतात; तेलाचा थेंब लागत नाही. सांभाळायचं असतं ते तळलेल्या मिरगुंडांकडे, फरसाणाकडे आणि पाळी सुटल्यावरच्या रिकाम्या पोटाकडे. रात्रपाळीहून आलेल्याने झोपण्याआधी थोडं तरी जेवावं. भूक मारायला आता धूर नाही, आणि न जेवता झोपलेली भूक दुपारी दुप्पट होऊन उठते.

चालण्याला पर्याय नाही. शिलकीत पडलेली ती एक भाकरी पाऊण तास झपझप चालण्याने भागते. स्टेशनला जायला मिनीडोर न पकडता पायी निघालं तरी बरंचसं काम होतं. रोह्यात कुंडलिकेचा काठ आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. पेणला डोंगराकडे जाणारे रस्ते आहेत. चालताना तलफ मंदावते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. दोन्ही कामं एकदम होतात.

पण सिगारेट सोडली त्याच आठवड्यात कडक डाएट धरू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. उपाशी माणसाला तलफ जास्त छळते, आणि दोन लढाया एकदम लढणारा बहुधा दोन्ही हरतो. आधी धूर सोडावा, वजन थोडं वाढू द्यावं आणि मग सावकाश उतरवावं. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते चालू असेपर्यंत वजनवाढ थोडी लांबते. ते आणि इतर औषधं डॉक्टरांना विचारून घ्यावीत. १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची सरकारी मोफत फोनसेवा २०१६ पासून चालू आहे. एकट्याने झगडण्यापेक्षा तिथे बोलावं. आणि ज्याला मधुमेह आहे किंवा घरात मधुमेहाचा वारसा आहे त्याने साखर तपासत राहावी. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०१८ साली दिसलं की सोडल्यानंतर ज्यांचं वजन बरंच वाढतं त्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त राहतो आणि मग तो उतरतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की वजन वाढो न वाढो, सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच होता. माझ्यासाठी हिशेब इथे संपतो.

हे सगळं बायकांनाही लागू आहे, जरी इथल्या बायका सिगारेट क्वचितच ओढतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, पण धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. त्यात मशेरी येते. पहाटे उठून मशेरी लावणारी, मग शेतावर किंवा कोणाच्या घरी कामाला जाणारी बाई दुपारपर्यंत पोटात अन्न न घालता राबते, आणि घर म्हणतं तिला भूकच कमी. मशेरी सुटली की तिलाही भूक लागते. तेव्हा तिच्यासाठी सकाळी एक गरम भाकरी राखून ठेवणारं कोणी घरात हवं.

सोडण्याचं काम एकट्याचं असलं तरी टिकण्याचं काम आजूबाजूच्यांचं असतं. कारखान्यांनी गेटच्या आत पाळी सुटल्यावर बसायला एक बाक आणि पिण्याचं पाणी ठेवावं, रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या कामगाराला पाच मिनिटं द्यावीत. कँटीनने रात्रपाळीला भज्यांऐवजी उकडलेली अंडी आणि चणे द्यावेत. टपरीवाल्याने बरणीत शेंगदाणे ठेवावेत. तेही विकले जातील. आणि आपण सगळ्यांनी सोडणाऱ्याच्या पोटाबद्दल वर्षभर चकार शब्द काढू नये.

त्या ऑपरेटर पोराला मी म्हणालो, "सुटेल थोडी ढेरी. लग्नात कोट अर्धा इंच ढिला शिवून घे. पुढच्या वर्षी आपण दोघं स्टेशनपर्यंत चालत जाऊन ती आत घेऊ. सोडायची मात्र आजच."